जलरंग, माटोळी आणि 'तुझी स्वतःची शैली कोणती?'

शेवाळ | १८ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. कॉलेजसाठी ताळगावला मावशीकडे राहते. मागच्या सत्राच्या शेवटी चित्रं भिंतीवर लावून मूल्यमापन झालं. माझी अकरा जलरंग चित्रं होती. पाच पणजीतल्या फोंताइन्हासची पिवळी-निळी घरं, दोन बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसलेल्या बायका, एक दिवाडीची फेरीबोट, उरलेल्या तिनात नारळाची झाडं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे. पण ही चित्रं कुणाचीही असू शकतात. तुझी स्वतःची शैली कोणती?"

मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन खूप राग आला, मग दोन दिवसांनी राग ओसरला, कारण त्या पाच घरांपैकी तीन मी फोनवरच्या फोटोंवरून केली होती. त्यातला एक फोटोसुद्धा माझा नव्हता. वाईट म्हणजे हीच चित्रं पर्यटकांना आवडतात, दोन विकलीही गेली.

सध्या आजीकडे आलेय. पाऊस धो धो. वॉश (पाण्यासारखा पातळ रंगाचा थर) टाकला की पाऊण तास ओला. रंग नको तिथे परत फिरतो आणि फुलकोबीसारखे डाग पडतात.

तर दोन प्रश्न:
शैली म्हणजे नेमकं काय आणि ती सापडते कशी?
पावसाळ्यात कागद कसा सांभाळायचा?
दुसऱ्याचं उत्तर आधी दिलंत तरी चालेल.

---

मीठभाकर | १९ जून, सकाळी ७:१०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पहिल्याचं तर नाहीच. पण आमचे चिरंजीव दहावीनंतर आर्टला जायचं म्हणताहेत, त्यामुळे या धाग्यावर मी चहा घेऊन बसून राहणार.

---

दर्यावर्दी | १९ जून, सकाळी ९:३५

पावसाळी कागदाबद्दल. मी मडगावात जाहिराती आणि पुस्तकांसाठी चित्रं करतो, दर जूनमध्ये हे रडगाणं असतं.

लोकांना वाटतं त्रास सुकण्याचा आहे. खरा त्रास खळीचा. चांगल्या जलरंग कागदाला जिलेटिनची खळ असते, तिच्यामुळे रंग वर राहतो. दमट हवेत बुरशी ती खळ खाते. कोऱ्या कागदावर काही दिसत नाही, पण वॉश टाकलास की गडद ठिपके उमटतात, कारण तेवढ्या जागी कागद टीपकागद झालेला असतो. असा कागद पेन्सिलीला ठेव, जलरंगाला गेला. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घे, बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आत टाक. कागद कपाटाच्या खालच्या खणात ठेवायचा नाही. रंगांचे पॅन पूर्ण वाळल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, रंगात डिंक असतो, त्यावर बुरा येतो.

हेअर ड्रायर वापर, पण ओल्या वॉशची चमक गेल्यावर. चमक असताना वारा मारलास तर पाणी ढकललं जातं आणि कडा उमटतात.

आणि हो, वेष्टनावर ३०० जीएसएम लिहिलंय म्हणजे कॉटन आहे असं नाही. ते फक्त वजन. आधी कागद कॉटनचा आहे का बघ, बाकीची निम्मी रडारड तिथेच संपते.

---

जुना_ब्रश | १९ जून, दुपारी २:२०

मी मूळचा मडगावचा, नोकरीधंदा सगळा मुंबईत. चाळीसेक वर्षं दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, कथांची चित्रं केली. बाळ, आम्हाला 'तुमची शैली कोणती' असं कुणी विचारलं नाही. संपादक विचारायचे, "गुरुवारपर्यंत देताय ना?"

पण तुझा प्रश्न टाळत नाही. आमच्या लहानपणी घरी दिवाळी अंक आला की मुखपृष्ठ आधी बघायचो, सही नंतर. दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) मडगावचे. रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) अस्नोड्याचे, म्हणजे तुमच्या म्हापशाजवळचे. दोघंही गोव्याचे, दोघंही छपाईसाठी काढायचे आणि पंधरा फुटांवरून कोण कुठला हे पोरंसोरंही सांगायची. मुळगावकरांचं ते स्प्रेनं आणलेलं गुळगुळीत अंग, दलालांची वाहती रेषा आणि सपाट रंगाची हिंमत. दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. दर वर्षी वेळेवर काम द्यायचं म्हटलं की हात आपोआप काही गोष्टी सोडून देतो आणि काही पकडून ठेवतो. मला वाटतं शैली म्हणजे हे सोडलेलं आणि धरलेलं. पण हे मी सत्तरीनंतर बोलतोय, तेव्हा फार मनावर घेऊ नकोस.

मला सांग, आजीच्या घरी काय काय आहे? फोटो टाकू नकोस. लिही.

---

शेवाळ | २० जून, रात्री १०:०५

@दर्यावर्दी, स्टीलचा डबा आजीचा लाडवांचा मिळाला. ती नाराज आहे. माझा कागद कॉटनचा नाही, सेल्युलोजचाच (लाकडाच्या लगद्याचा) निघाला.

@जुना_ब्रश काका, लिहिते.

मागच्या दारी तेरें (रानअळू) माजलंय, ताळकुळो गुडघाभर. (देशावरचे याला टाकळा म्हणतात.) चुलीवर फळी आहे, तिच्यावर सोलं, सुकी सुंगटं (कोळंबी) आणि वाळवायला ठेवलेल्या काड्यापेट्या. न्हाणीत तांब्याचं भाणें (पाणी तापवायचा हंडा). माळ्यावर माटोळीची लाकडी चौकट, कापडात गुंडाळलेली.

त्या चौकटीवरून सांगते. आजी ७८ वर्षांची. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी रानातून काय काय आणायचं ते तीच सांगायची, काका आणि चुलतभाऊ जायचे. काका गेल्यापासून भाऊ एकटाच. त्याला निम्मी नावं माहीत, झाडं पाव. गेल्या वर्षी बहुतेक सगळं बाजारातून विकत आणलं. आजी काही बोलली नाही, पण आरतीला बसल्यावर सारखी वर बघत होती.

---

मीठभाकर | २० जून, रात्री १०:४०

माटोळी म्हणजे? आम्ही पुण्याचे, अडाणी.

---

अंत्रुजकर | २० जून, रात्री ११:१५

गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला फळं, फुलं, कंदमुळं, रानातल्या शेंगा, वेली बांधतात. नारळ, सुपारीचा शिपटो (घोस), केळ्यांचा घड, कुंवाळें (कोहळा), तोरिंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ), चिबूड, आंबाडे हे घरचं. कांगलां, कवंडळ, घागऱ्यो हे रानातलं. बांधायचं केवणीच्या सालीच्या दोरानं. तुमच्याकडे तिची शेंग मुरुडशेंग म्हणून बाळाच्या गुटीत जाते, तीच ती केवण. मखर सगळीकडे असतं हो, पण माटोळी बघायला फोंडा तालुक्यात या. (सत्तरीच्या मंडळींनी रागावू नये.) सरकारचं कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. त्यात लोक शेकड्यांनी जिन्नस आणतात. माझं मत विचाराल तर स्पर्धेपायी रान ओरबाडणं काही बरं नाही. पण तो धागा वेगळा.

---

जुना_ब्रश | २१ जून, सकाळी ६:५०

शेवाळ, उत्तर तुझ्याच पोस्टमध्ये आहे. भावाला झाडं ओळखता येत नाहीत. तुला चित्र काढता येतं. एका कागदावर एक जिन्नस काढ. भावाला रानात नेता आलं पाहिजे असं. झालं की आजीला दाखव, आम्हाला नंतर.

---

टोकदार | २१ जून, सकाळी ११:३०

वाटलंच होतं. मुलगी विचारतेय कलाकार म्हणून माझी दिशा काय, आणि सल्ला मिळतोय वनस्पतिशास्त्राचा तक्ता बनव. इलस्ट्रेशन ही सेवा आहे. चांगली सेवा आहे, पण त्यात प्रश्न दुसऱ्याचा असतो. चित्रकार एफ. एन. सूझा साळगावातून निघाला, मुंबईच्या जेजे कलाशाळेतून काढून टाकला गेला, १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला, ते कवंडळाची पानं मोजून नाही.

---

दर्यावर्दी | २१ जून, दुपारी १२:०२

आला, इलस्ट्रेशन दुय्यम म्हणणारा आला. धागा आता शंभरी गाठणार. सेवा म्हणे! माझ्या घराचा हप्ता ही सेवाच भरते रे बाबा.

---

रानमेवा | २१ जून, रात्री ९:१८

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडं अवांतर, पण तुझ्या कामाचं.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली इथेच, गोव्यात छापला गेला. पणजीतली चर्चजवळची बाग त्यांच्याच नावाची. त्या ग्रंथात चित्र एकही नाही, सगळा संवाद. पुढे क्रिस्तोव्हाव द कोश्ता यांनी १५७८ मध्ये त्याच विषयावर पुस्तक काढलं, त्यात चित्रं आली. मग मलबारच्या वनस्पतींवरचं डचांचं 'हॉर्तुस मलबारिकुस', १२ खंड, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅम, सातशेहून जास्त चित्रं. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, कोंकणीत आणि नागरी लिपीत. गोवा सोडून कोचीला गेलेल्या समाजातले हे लोक. माहिती बरोबर आहे असं वैद्यांनी सहीनिशी सांगितलं, म्हणून ते चित्र उभं राहिलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. पुण्याजवळच्या दापोडीला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी वनस्पती उद्यान होतं. तिथे १८४७ ते १८५० च्या सुमारास काढून घेतलेली जलरंग चित्रं आज एडिंबरोला जपून ठेवलीत. फार सुंदर आहेत. काढणाऱ्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

तेव्हा टोकदार यांचं अगदीच चूक नाही. सेवा करणाऱ्याचं नाव पुसलं जातं. पण म्हणून चित्र कमी प्रतीचं ठरत नाही.

शेवाळ, सही कर हो प्रत्येक कागदावर. आणि एक, दुकानात मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी पुढे केला तर घेऊ नकोस, वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. सिंथेटिक हल्ली छान मिळतात.

---

शेवाळ | ९ जुलै, रात्री ११:२०

तीन आठवडे गायब होते. सत्र सुरू झालं, दर शनिवारी कदंब (गोव्याची सरकारी बस) पकडून घरी येते. अहवाल देते, हसू नका.

पहिलं घेतलं कवंडळ. न्हंयच्या (नदीच्या) वाटेवर एका किंदळीच्या झाडावर वेल चढलेली, फळं अजून कच्ची. गेल्या वर्षीचं एक वाळकं फळ माळ्यावर सापडलं, रंग आठवणीनं लावला. आधी पिवळ्याचा पातळ थर, तो पूर्ण सुकल्यावर वर शेंदरी, मग सावलीच्या बाजूला अलिझरिन क्रिमसन. पानांना ट्यूबमधला सॅप ग्रीन. छत्रीत बसून चार तास. स्वतःवर खूश.

आता सुकवायचं कसं? मी आंघोळीला गेले तेवढ्यात आजीनं मदत म्हणून कागद चुलीवरच्या फळीवर ठेवला. सुंगटांच्या शेजारी. तासाभरानं कागद खडखडीत सुकलेला, पण वरची कड धुरानं पिवळी आणि अख्ख्या चित्राला गालम्याचा (सुक्या बारीक कोळंबीचा) वास.

मी रडकुंडीला आले होते. आजीनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "फळ कवंडळाचें आनी पानां भलत्याचींच!" कवंडळाचं पान पंजासारखं कापलेलं असतं, मी काढलेली पानं अखंड, बदामाच्या आकाराची. त्या झाडावर दोन वेली एकमेकींत गुंतल्या होत्या आणि मी फळ एकीचं, पानं दुसरीची काढली होती. चार तास तिथे बसून! आजीनं सरळ माझी पेन्सिल घेतली आणि चित्रातल्या पानांवर फुली मारली. मग म्हणाली, "पयलीं पळय, मागीर काड." (आधी बघ, मग काढ.)

परीक्षकांनी एवढं बोलल्यावर मला राग आला होता. आजीच्या फुलीचा आला नाही. का कोण जाणे. बहुधा तिची चूक दाखवण्याची पद्धत अशी की पुढे काय करायचं ते लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, वेलीला हातानं चाचपत मुळापर्यंत गेले. (खाजकुयली लागली, तो भाग सोडून देते.)

आतापर्यंत सात कागद झाले. चार आजीनं पास केले.

---

जुना_ब्रश | १० जुलै, सकाळी ६:३०

फुली मारलेला कागद फेकू नकोस.

सॅप ग्रीन मात्र ट्यूबसकट फेक. पावसातला हिरवा ट्यूबमध्ये मिळत नाही. अल्ट्रामरीन आणि एक स्वच्छ पिवळा घेऊन स्वतः कालव, जून पानासाठी त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना. प्रत्येक वेलीचा हिरवा वेगळा येईल.

---

दर्यावर्दी | १० जुलै, सकाळी १०:१५

अलिझरिन उजेडात उडतो. एका पट्टीवर तुझे सगळे रंग लाव, अर्धी पट्टी जाड कागदानं झाक, खिडकीत चिकटव आणि दिवाळीला उघडून बघ. कोणता रंग विश्वासाचा ते कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ती पट्टी सांगेल.

---

अंत्रुजकर | १० जुलै, दुपारी १:४०

कांगलां काढलीत का? ती काढताना सोपं वाटतं आणि फसायला होतं. घोसातलं एकेक फळ वाटाण्याएवढं, पिकलं की पिवळी साल तीन पाकळ्यांत फुटते आणि आत लाल. रानमेवाताई शास्त्रीय सांगतील. घागऱ्यो चवथीला हिरव्या असतात, वाजत नाहीत, वाळल्या की खुळखुळतात. चित्रात फुगीरपणा आला पाहिजे, नाहीतर वाल-पापडी वाटेल.

---

रानमेवा | १० जुलै, दुपारी ४:०५

कांगलां म्हणजे मालकांगोणी, सेलॅस्ट्रस पॅनिक्युलेटस. अंत्रुजकरांचं वर्णन पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आहे, मी काय भर घालू?

---

टोकदार | २८ जुलै, रात्री १२:३०

शेवाळनं इथे दाखवलेली सात चित्रं आज नीट पाहिली. निरीक्षण पक्कं झालंय, हिरवेही सुधारलेत. माझा आक्षेप कायम आहे, फक्त बदललाय.

पांढऱ्या कागदाच्या मधोमध फांदी, खाली नाव. ही मांडणी कुठली? कंपनी सरकारच्या बागेतली, रानमेवा यांनी सांगितलेल्या त्या दापोडीच्या चित्रांची. त्यांना ती गरजेची होती, नमुना युरोपात पाठवायचा होता. तुला कुठे पाठवायचाय? माटोळीतली वस्तू कुणी अशी समोरून, पांढऱ्यावर बघतं का? ती डोक्यावर टांगलेली असते. तू लहानपणापासून ती खालून बघत आलीयस, मान वर करून, आरतीच्या उजेडात. तुझ्या चित्रांत ते कुठे आहे?

आणि एकदा पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांची जलरंग चित्रं बघून ये. आधी फोन करून विचार. सांतइस्तेव्हचा माणूस, शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला आणि मेरीला साडी नेसवली. गोव्यातून शिव्या खाल्ल्या. विषय चर्चचा, म्हणजे माझ्याच भाषेत सेवा. पण बघण्याची जागा त्याची स्वतःची होती.

---

जुना_ब्रश | २८ जुलै, सकाळी ६:४०

टोकदार, हे तुम्ही महिनाभर आधी बोलला असतात तर इथे भांडण झालंच नसतं. खालून! मला कसं सुचलं नाही?

---

मीठभाकर | २८ जुलै, सकाळी ८:००

मी हे चिरंजीवांना वाचून दाखवलं. तो सोफ्यावर आडवा होऊन पंख्याचं चित्र काढतोय. आपलं देणं कुणाला द्यायचं?

---

शेवाळ | १९ ऑगस्ट, रात्री ११:४५

टोकदार यांची पोस्ट वाचून दोन दिवस काहीच काढलं नाही. मग माळ्यावरची चौकट भावाकडून उतरवून घेतली, हॉलमध्ये तिच्या कड्यांना टांगली. तिच्यात एक नारळ, एक तोरिंग आणि घागऱ्यांचा झुबका बांधला आणि खाली चटईवर पडून बघितलं.

सगळंच बदललं. तोरिंगाचं देठ दिसत नाही, बूड दिसतं, त्यावर खळगा. नारळ गोल न दिसता जड दिसतो. घागऱ्यांच्या शेंगा आपल्याकडे टोकं करून येतात. आणि मागे पांढरं काही नाहीच, मागे वासे आणि कौलं, चुलीच्या धुरानं काळी झालेली. म्हणजे उजळ फळाभोवती काळोख रंगवायचा. आतापर्यंत मी फळ रंगवत होते आणि कागद मोकळा सोडत होते, आता उलट, फळाची जागा मोकळी सोडून भोवताल रंगवायचा.

पहिले तीन कागद वाया. फळाची जागा राखायला मास्किंग फ्लुइड लावलं, तर या हवेत ते दोन दिवसांत असं धरून बसलं की काढताना कागदाचा पापुद्रा निघाला. आता काही लावत नाही, कडेनं ब्रश फिरवते. काळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. ट्यूबमधला काळा मेलेला दिसतो. आणि गंमत म्हणजे ज्या फुलकोबी डागांना मी जूनमध्ये रडत होते, ते धुरकट वाशांवर छान बसतात. आता मुद्दाम पाडते. अर्धवट सुकलेल्या काळ्यात स्वच्छ पाण्याचा थेंब सोडायचा आणि हात मागे घ्यायचा.

पर्वरीला जाऊन आले. फोन्सेकांच्या चित्रांत रंग किती पातळ थरांनी येतो! घाई कुठेच दिसत नाही. मी दीड तास होते. एकही फोटो काढला नाही, म्हणजे सुचलंच नाही.

आजीला खालून काढलेलं कवंडळ दाखवलं. तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, दोर कुठला? मी नायलॉनची सुतळी बांधली होती, तीच चित्रात आली होती. केवणीचा दोर हवा म्हणाली. परत काढते.

@टोकदार, तुमचे आभार मानायचे की नाही अजून ठरत नाहीये.

---

टोकदार | २० ऑगस्ट, सकाळी १०:१०

नको. पण ते समोरून काढलेले कागद टाकू नकोस. भाऊ रानात खालून काढलेलं चित्र घेऊन गेला तर झाड ओळखणार नाही. दोन वेगळी कामं आहेत ती. हे मी लिहितोय यावर माझाही विश्वास बसत नाहीये.

---

दर्यावर्दी | २० ऑगस्ट, दुपारी ३:३०

स्कॅन करून ठेव, ६०० डीपीआयला. एवढा काळोख असलेलं चित्र फोननं टिपलंस तर काळ्यातली निळी-तांबडी दोन्ही मरतात. छापायला देताना आधी एकच पान प्रूफ काढून घे. आणि कुणी 'फुकटात द्या, तुमचं नाव होईल' म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

---

शेवाळ | १२ सप्टेंबर, रात्री १०:३०

चवथ झाली. पाच दिवसांचा होता, काल पोहोचवला.

रानात न्यायचे २३ कागद झाले होते. भावानं फोनवर फोटो घेतले, कागद काही त्याच्या हातात दिले नाहीत, पाऊस होता. दोन दिवसांत त्यानं १९ जिन्नस आणले. एक चुकला, पण तो माझ्या चित्राचा दोष, कुड्याच्या शेंगा मी इतक्या सरळ काढल्या होत्या की त्याला दुसऱ्याच वाटल्या. उरलेले शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून. आजी खाली बसून एकेक बांधून घेत होती आणि नावं सांगत होती, मी पाठीमागे लिहून घेत होते. तिनं सहा नावं अशी सांगितली जी माझ्या यादीत नव्हती. विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, आठवलीं ना. (म्हणजे आठवली नाहीत.) वर बघितल्यावर आठवली.

खालून काढलेली चित्रं नऊ झाली. कॉलेजात आमच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, छताला टांगून लाव, भिंतीवर नको. आता प्रश्न असा की ऑक्टोबरच्या दमट हवेत कागद छताला टांगला तर पोक काढणार. दर्यावर्दी, काही उपाय?

---

अंत्रुजकर | १२ सप्टेंबर, रात्री ११:००

ती सहा नावं लिहा आधी! कागदाचं नंतर बघू.

---

दर्यावर्दी | १३ सप्टेंबर, सकाळी ९:४५

पातळ लाकडी पाटीवर ताणून चिकटव, मागून पुन्हा एक कोरा कागद चिकटव, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहील. तरी थोडं पोक येईल. येऊ दे.

---

जुना_ब्रश | १३ सप्टेंबर, दुपारी ४:१०

शेवाळ, ते पहिलं धुरकटलेलं कवंडळ, फुलीवालं, मला विकत हवं आहे. किंमत तू सांग. गालम्याचा वास गेला असला तर बरं, नसला तरी चालेल, मडगाव सोडून पन्नास वर्षं झाली.

---

शेवाळ | १३ सप्टेंबर, रात्री ९:५५

@अंत्रुजकर, सहापैकी दोन आजीनं तुमच्या फोंड्यातली म्हणून सांगितली आणि चार आमची. उद्या वेगळा धागा काढते, भांडायला या.

@जुना_ब्रश काका, तेवढं एक विकायचं नाहीये. आजीनं देवघराच्या कोनाड्यात उभं करून ठेवलंय, फुलीसकट. तुम्हाला दुसरं काढून पाठवते, बरोबर पानांचं. चुलीवरच्या फळीवर तासभर ठेवून.